युनिफॉर्मला पदर नसतो

मला त्या घरात आणण्यात हौसाआक्काचा काय फायदा होता, ते मला पहिल्याच सकाळी कळलं. तो फायदा स्टीलच्या तांब्याच्या रूपानं माझ्या कपाळावर येऊन आदळला.

तांब्या अर्धा भरलेला होता. म्हणजे आधी पाणी आलं, मग स्टील. मी पलंगाशी वाकून हणमंतराव शेडग्यांच्या दंडाला बी.पी.चा पट्टा गुंडाळत होते. त्यांची उजवी बाजू लकव्यानं गेलेली होती, हे मला सांगितलं होतं. डावी किती शाबूत आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं. भुवईवर फाटलं आणि रक्त डोळ्यात उतरलं.

“सटवे!” हणमंतराव म्हणाले.

दारात त्यांची बायको उभी होती. हौसाआक्का. ठेंगणी, काळीसावळी, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या. डाव्या कानानं ऐकू येत नसल्यामुळे ती कायम मान जराशी तिरकी धरायची, कोंबडी दाण्याकडे बघते तशी.

“लागलं का गं?” तिनं विचारलं. आमटीला मीठ बरोबर पडलंय का, असं विचारावं त्या सुरात. मग स्वतःशीच मान हलवली. “डाव्या हाताचा नेम बी चुकंना झालाय.”

मी कापूस दाबून धरला आणि एका डोळ्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. बाईच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण काळजीच्या खाली, तळाशी, चांगलं घट्ट समाधान साचलेलं होतं. स्वयंपाकाला बाई मिळते, धुण्याला मिळते. आपल्या वाटणीचा मार खायला बाई मिळत नाही. आक्काला ती मिळाली होती, आणि वर तिला शुगर तपासता येत होती.

हे घर कऱ्हाडच्या बाहेर, नदीच्या अंगाला, त्यांच्याच वीटभट्टीला लागून होतं. अंगणातल्या तुळशीपासून देवघरातल्या समईपर्यंत सगळ्यावर विटेची तांबडी धूळ. हणमंतरावांनी तिथे उभा जन्म मजूर, खेचरं आणि बायको अशा तिघांना एकाच हातानं हाकलं होतं. आता त्या हातात जीव नव्हता आणि जिभेवर एकच शब्द उरला होता. मेंदूत रक्तस्राव झाला की असं होतं. सगळी भाषा वाहून जाते आणि एखादी शिवी खडकासारखी मागे राहते. पाणी हवं असलं तरी सटवे, कूस बदलायची असली तरी सटवे. तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही सटवे. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. मिशा होत्या त्यांना.

मी मिरजेच्या एका नर्सिंग ब्युरोकडून पेशंटच्या घरी जायची. पाच-सहा वर्षं घरोघरचे पेशंट केल्यामुळे माझे काही नियम तयार झाले होते. डबा माझा मी आणायचा आणि ओसरीवर बसून खायचा. ओढणी घ्यायची नाही, कारण पेशंटच्या हाताला ती आधी सापडते आणि मग गळ्याला फास बसतो. आणि हाक मारायची ती सिस्टर. ज्या घरात मावशी म्हणतात तिथे हळूहळू भांडी येतात. ताई म्हणतात तिथे पोरांचा अभ्यास येतो. लेक म्हणतात तिथे काय येतं, ते मला अजून कळायचं होतं.

दुपारी त्यांचा मुलगा धनाजी भट्टीवरून जेवायला आला. भरदार गडी. कमरेला पितळी बक्कलचा रुंद पट्टा, आवाज मात्र लोण्यासारखा. त्याची बायको माहेरी जाऊन राहिली होती. का, ते विचारायची गरज नव्हती. पट्टा दिसत होता.

“अहो सिस्टर, टाके पडले म्हणं?”

“पडले. धनाजीराव, एक बोलायचं होतं. मी त्यांचं अंग पुसेन, कूस बदलेन, हगणं-मुतणं सगळं बघेन. मार खाणार नाही.”

“आजारी माणूस हाय. घ्यायचं सांभाळून. तुम्ही काय परक्या का? घरच्याच तुम्ही.”

“घरची नाही. ड्यूटीवर आहे.”

“एकच की ते.”

“एक नाही. घरच्या माणसाला मारलं तर ते घरात राहतं. मला मारलं तर मी चौकीत जाते.”

तो घास हातात धरून हसला. आक्काही हसली. हणमंतरावांनी आतून एक सटवे घातली. अशी सगळ्यांची करमणूक करून मी कामाला लागले.

काम काय केलं? पलंग फिरवला. म्हणजे जागेवरच उशी उचलून पायथ्याला नेली, तशी हणमंतरावांची शाबूत बाजू भिंतीकडे गेली आणि लुळी बाजू खोलीकडे आली. तांब्या गेला, त्याजागी प्लॅस्टिकचा मग आला. कोपऱ्यात सलाईनचा लोखंडी स्टँड होता. सलाईन कधी लागलं नव्हतं, आक्का त्यावर टॉवेल वाळत घालायची. तोही पलंगापासून लांब सरकवला. त्यांनी हात उगारला की मी हातातलं काम टाकून सरळ बाहेर जायची आणि निवल्यावरच परत यायची. घाणीत पडून राहायला कोणालाच आवडत नाही. महिन्याभरात ते माझ्यापुरते सुधारले.

माझ्यापुरतेच. बायकोला पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूनं भरवायला बोलवायचे, खुणेनं. ती जायची. एकदा पेज गरम लागली म्हणून त्यांनी तिचं मनगट पकडलं आणि पिळलं, पिळलं, ती गुडघ्यावर येईपर्यंत पिळलं. दोन बांगड्या वाढल्या, काच मनगटात रुतली. मी धावत जाऊन त्यांच्या अंगठ्याच्या बेचक्यात बोट दाबलं तेव्हा ती पकड सुटली.

“कशाला मधी पडतीस?” आक्का काच उपटत म्हणाली. “मालकांची सवय हाय ती.”

“तुम्ही भिंतीच्या बाजूला जाताच कशाला?”

“बोलावत्यात की.”

मी मनगटाला पट्टी केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अंग पुसताना मला तो हात दिसला. उजवा, मेलेला. बोटांच्या पेरांवर, पंजाच्या पाठीवर निळे-जांभळे वळ. काही ताजे, काही पिवळे पडत चाललेले. कोपराच्या वर एकही नाही. पायावर नाही, पाठीवर नाही. पडून, आपटून असे वळ उठत नाहीत. माणूस आपटतो तेव्हा सगळा आपटतो.

“पलंगाच्या दांडीवर आपटला आसंल,” आक्का म्हणाली, आणि बहिरा कान माझ्याकडे केला.

एका दुपारी मी ओसरीवर डबा उघडला आणि पाण्याची बाटली आत राहिली म्हणून परत गेले. आतून आवाज येत होता. धप्. धप्. ओली गादी कोणी झोडपत असावं तसा. मी दारातून पाहिलं.

आक्कानं नवऱ्याचा उजवा हात पलंगाच्या दांडीवर नीट आडवा मांडला होता, मनगटाखाली टॉवेलची घडीसुद्धा घातली होती. आणि ती लाटण्यानं तो हात हाणत होती. लाटण्याला कणीक चिकटलेली होती. पोळ्या अर्ध्यात टाकून आली होती बाई. हणमंतराव पडल्या पडल्या ते सगळं बघत होते. आणि हसत होते. तोंडाची एकच बाजू हलत होती, गळ्यातून खिरखिर आवाज येत होता. डावा हात भिंतीकडे, तिच्यापर्यंत पोचणार नाही असा. पलंग मी फिरवला होता, माझ्या सोयीसाठी. सोय आक्काची झाली होती.

ते हसले की ती जोरात मारायची. तिनं जोरात मारलं की ते आणखी हसायचे.

मी लाटणं वरच्या वर धरलं.

“सोड!” ती म्हणाली. कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं होतं. “सोड म्हंते ना! त्याला लागत न्हाई गं. लागत आसतं तर काय पायजे हुतं!”

“लागत नसलं तरी मोडतं, आक्का.”

“ह्योच हात,” ती म्हणाली. मालक, त्यांनी, ह्यांनी सगळं गळून पडलं होतं. “ह्योच हात त्याचा. पोळी करपली की लाटणं. भाकरी जाड झाली की लाटणं. ह्या कानावर एकदा बसलं ते आजवर वाजतंय, आत, घंटी वाजल्यावानी.”

“हेच लाटणं?”

“छ्या. ते मोडलं.”

“कशानं?”

“माझ्यावर.”

हणमंतराव खिरखिरले. आक्कानं पुन्हा हिसका दिला, पण मी लाटणं सोडलं नाही.

“माझ्या ड्यूटीत हे चालणार नाही,” मी म्हणाले.

“तू बाई हायस का कोण हायस?”

“बाई आहे. पण हा माझा पेशंट आहे.”

“आन् मी? मी कोन तुजी?”

“पेशंटची बायको.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा तांब्या परवडला.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर ओसरीवर पाट मांडलेला. ताटात नारळ, तांदूळ, हळदीकुंकू, मोरपंखी खण. आक्का नवं लुगडं नेसून उभी.

“बस,” ती म्हणाली. “तुजी वटी भरते. आजपास्नं तू माजी लेक. पोटाला पोरगी न्हाई माज्या.”

“आमच्या ख्रिस्ती लोकांत ओटी नसते, आक्का.”

“आमच्यात आस्ती की! तू नुसता पदर पसर.”

ताट बघून माझा हिशेब झाला होता. लेक झाले की आईनं काय केलं ते लेकीच्या तोंडून बाहेर जात नाही. भांडी नाही, अभ्यास नाही. लेक म्हणतात तिथे हे येतं. एका नारळात माझे डोळे, कान आणि जीभ. आक्का काही मूर्ख नव्हती.

“युनिफॉर्मला पदर नसतो,” मी म्हणाले.

तिचा हात ताटावरच राहिला.

“ऐका. मी येण्याआधी या घरात काय झालं, त्याचा न्याय करायला मला कोणी बोलावलेलं नाही. मी असताना त्यांच्या अंगाला जे होईल ते माझ्यावर आहे. पुन्हा हात सुजला तर मला धनाजीरावांना सांगावं लागेल.”

“धनाला सांगशील?” तिचा आवाज एकदम खाली आला. “त्यो काय करंल ठाव हाय का तुला?”

“माहीत आहे. म्हणून आज त्यांना नाही, तुम्हाला सांगतेय.”

तिनं ताट उचललं. नारळ आत नेऊन फोडला आणि संध्याकाळी त्याच्या वड्या केल्या. मला एकही दिली नाही. मला ते आवडलं; हद्द दोन्हीकडून आखली गेली.

पंधरवडा शांत गेला. वळ पिवळे पडले, मग पुसले. आणि एका सोमवारी सकाळी मी चादर काढली तर तो हात रताळ्यासारखा फुगलेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट भलत्याच दिशेला वाकलेली. आक्का उघड्या दारापलीकडे चुलीपुढे पाठ करून बसली होती.

“काल माज्या तोंडावर पेज थुकला,” ती चुलीला म्हणाली. “आन् हसला.”

मी पुठ्ठा कापून हाताला आधार बांधला. एक्सरे काढायलाच हवा होता, आणि त्यासाठी त्यांना उचलून गाडीत घालायला धनाजीच हवा होता. मी भट्टीवर निरोप धाडला. माझ्यापुढे दुसरी वाट नव्हती. आक्काला ते माहीत होतं आणि मलाही.

धनाजी आला तो पायात धुळीचे बूट तसेच घालून. त्यानं पुठ्ठा पाहिला, बोटं पाहिली.

“कुणी केलं?”

त्याचा आवाज अजूनही लोणीच होता. पण त्यानं पट्ट्याच्या बक्कलला हात घातला होता.

मी तोंड उघडलं. खरं सांगते, मी काय सांगणार होते ते आजही मला ठाऊक नाही. कारण माझ्या आधी आक्का बोलली.

“सिस्टरच आस्ती दिसभर त्येंच्यापाशी,” ती म्हणाली. “मी चुलीम्होरं. मला काय दिसतंय?”

एक शब्द खोटा नव्हता त्यात. वर बघायची हिंमत मात्र तिला झाली नाही.

पट्टा नाही, त्यानं उलटा हातच मारला. अंगठीसकट. मी भिंतीवर आपटले आणि खाली बसले. तोंडात काहीतरी खडा आला. जिभेनं चाचपला तर माझाच दात. दुसरी थप्पड कानावर बसली आणि मला त्या घंटीचा आवाज ऐकू आला, आक्का म्हणायची तो.

“आजारी मानसाचा हात मोडतीस? आं? घरच्यासारखं वागिवलं तुला!”

आणि तेवढ्यात पलंगावरून ती खिरखिर सुरू झाली. धनाजीनं वळून पाहिलं. हणमंतरावांनी डावा हात वर उचलला होता. बोट ताठ. ते बोट माझ्याकडे नव्हतं. खोलीभर सावकाश फिरत ते चुलीच्या दिशेला गेलं आणि आक्कावर थांबलं.

“सटवे,” ते म्हणाले. त्या दिवशी तो शब्द त्यांनी अगदी नेमक्या माणसाला वापरला.

धनाजीला उलगडायला वेळ लागला नाही. त्यानं आईच्या केसांना धरून तिला ओढत आणलं. तिनं आरडाओरड केली नाही. सवयीच्या माणसासारखी दोन्ही हात डोक्यावर धरून ती गोळा झाली. पट्टा त्या हातांवर पडला. बांगड्या फुटल्या. एकेक नाही, मनगटापासून कोपरापर्यंत सगळ्या, ट्रकमधून काच सांडावी तशा. मग त्यानं तिला उचलून पलंगाच्या खुरावर आपटलं आणि हाड मोडल्याचा आवाज आला. कोरड्या फाट्यासारखा. तो आवाज मला कामामुळे ओळखीचा आहे. गळ्याजवळचं हाड.

हणमंतराव हसत होते. त्यांचा मुलगा, त्यांची बायको, त्यांची खोली. फक्त हात दुसऱ्याचा होता.

मार खाणार नाही असं मी धनाजीला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मारणार नाही असं काही सांगितलं नव्हतं. सलाईनचा स्टँड माझ्या हाताशी होता. मी तो टॉवेलसकट उचलला आणि खालचा जड पाया दोन्ही हातांनी त्याच्या गुडघ्यावर घातला. कुठे घालायचा हे शिकलेलं असतं. तो खाली आला. बुटांसकट सगळा गडी.

“चला,” मी आक्काला म्हणाले. तोंडातून रक्त येत होतं, शब्द नीट फुटत नव्हते. “उठा.”

“कुटं?”

“चौकीत.”

“नगं गं.” ती मोडलेला खांदा धरून, काचांमध्ये बसून म्हणाली, “घरातलं हाय. घरात ऱ्हाऊ दे.”

“माझं नाही हे घर.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिरकी मान, चांगला कान माझ्याकडे. मग तिनं उजवा हात पुढे केला. मी तो माझ्या गळ्यात घेतला आणि तिला उठवलं. अंगणात भट्टीवरचे मजूर गोळा होऊन उभे होते. कोणी पुढे आलं नाही, पण कोणी आडवंही आलं नाही. आम्ही दोघी तशाच रस्त्यानं चालत गेलो. माझा पांढरा कुडता पुढून लाल झाला होता. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. त्या घरातलं काही रस्त्यावर यायची ती पहिलीच वेळ असावी.

चौकीत हवालदारानं आक्काकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

“घरगुती दिसतंय,” तो म्हणाला. “बसा, पाणी प्या. धनाजीला बोलावतो. मिटवून टाकू.”

मी रुमालातला दात काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

“मी घरची नाही,” मी म्हणाले. “मी बाहेरची आहे, ड्यूटीवर होते. आधी माझी तक्रार लिहा. मग यांची. त्यांना मारताना मी पाहिलंय.”

त्यानं दाताकडे पाहिलं. मग पेन उचललं.

आक्काची बहीण विट्याहून येऊन तिला घेऊन गेली. मला ब्युरोनं तिकडच्या घरी पुन्हा पाठवलं नाही; पेशंटच्या मुलाचा गुडघा फोडणारी नर्स मागवायला लोक जरा बिचकतात.

बऱ्याच वर्षांनी मी मिरजेला एका दवाखान्यात ड्रेसिंगला बसत होते, तेव्हा एक म्हातारी आत आली. खांदा वर होत नाही म्हणत होती. मान तिरकी.

“शिस्टर,” ती म्हणाली.

मी उठून तिला स्टुलावर बसवलं. “आता लेक नाही म्हणायचं का, आक्का?”

“लेकीनं झाकलं आसतं,” ती म्हणाली. “बरं झालं वटी घेतली न्हाईस.”

मी खांदा चाचपला. हाड वेडंवाकडं जुळलं होतं. ती विट्यालाच राहिली होती, बहिणीपाशी. परत गेली ती एकदाच, हणमंतराव गेले तेव्हा.

“बाया जमल्या माज्या बांगड्या फोडाय,” ती सांगत होती. तिला मधेच हसू आलं, तोंडाला पदर लावला. “धा जणी. एकीनं दगड बी आणलावता. हात धरून वर केला तर मोकळा! म्या म्हणलं, बायांनो, उशीर झाला तुमाला. लेकानं आदीच फोडल्यात.”

“पुन्हा भरल्याच नाहीत?”

“कुणाच्या नावानं भरायच्या?”

“आणि धनाजीराव?”

“लंगडतोय. खांदा द्यायला बी जमलं न्हाई त्याला. तारखंला जायचा तवा मला दोस द्यायचा, माघारी येताना तुला.”

मी गरम शेकाची पिशवी तिच्या खांद्यावर धरली. तिनं डोळे मिटले.

“तो हात?” मी विचारलं.

“वाकडाच ऱ्हायला. बोटं तशीच.” ती डोळे न उघडता म्हणाली. “तिरडीवर बांधताना सरळ हुईना, तवा जोर करून दाबला पोरांनी. कडकन वाजला.”

ती गेल्यावर मी कापूस आवरता आवरता सगळ्यांचं मांडून पाहिलं. माझा एक दात गेला. आक्काचा एक कान गेला, खांदा गेला आणि दोन्ही हातांचा चुडा. धनाजीचा गुडघा गेला, बायको तर आधीच गेली होती. आणि हे सगळं ज्या हातापासून सुरू झालं तो हात लाटण्यानं झोडपला, बोटं मोडली, मेल्यावरही दाबून मोडला. त्याला मात्र शेवटपर्यंत काही लागलं नाही.